गावभर शून्य हेक्टर: फॉर्म लायब्ररीतल्या तीन ओळींच्या फंक्शनचं प्रकरण

## पार्श्वभूमी

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आमचं सॉफ्टवेअरचं छोटं दुकान आहे. खाली कृषी केंद्र, वर आम्ही. मी, माझा भागीदार आणि एक शिकाऊ पोरगा, असे तिघं. (ओळख पटू नये म्हणून नावं गाळली आहेत, काही बारीक तपशीलही बदलले आहेत.) पतसंस्थेची कर्जमागणी, ज्युनिअर कॉलेजचा प्रवेश, आरोग्य शिबिराची नोंदणी, असली कामं येतात आणि प्रत्येक कामाच्या मुळाशी एक फॉर्म असतो. दर वेळी नव्याने रकाने मांडायचा कंटाळा आला, तेव्हा आम्ही जावास्क्रिप्टमध्ये, म्हणजे ब्राउझरमध्ये चालणाऱ्या भाषेत, फॉर्म बांधायची स्वतःची लायब्ररी, म्हणजे पुन्हा पुन्हा वापरता येणारा तयार कोड, केली. कुठला रकाना, कुठल्या प्रकारचा, सक्तीचा की ऐच्छिक, हे एका जेसॉन फाइलीत, म्हणजे ठरावीक साच्यातल्या मजकुराच्या फाइलीत, लिहायचं. लायब्ररी त्यावरून पडद्यावर फॉर्म उभा करते, भरलेलं तपासते आणि सर्व्हरला पाठवते.

अशा लायब्ररीत डोळ्यांना दिसणारं काम थोडं आणि न दिसणारं फार. हे न दिसणारं काम करतात ती हेल्पर फंक्शनं, म्हणजे एकेकच काम करणारे कोडचे छोटे तुकडे. प्रत्येक रकान्याला वेगळा आयडी देणं, लेबल त्याला जोडणं, ‘कुटुंबातला तिसरा सदस्य, त्याचं वय’ अशा आत दडलेल्या माहितीपर्यंत पोचणं, टाइप करणारा हात थांबला की मसुदा साठवणं, रिकामं कशाला म्हणायचं ते ठरवणं, मजकुराचा आकडा करणं. चार-चार ओळींची फंक्शनं. सुरुवातीला अकरा होती, दोन वर्षांत साठाच्या वर गेली, आणि सगळी ‘युटिल्स’ नावाच्या एकाच फाइलीत. माळ्यावर सामान टाकतात तसं आम्ही तिथे टाकत गेलो.

त्यातलं एक ‘टूनंबर’. त्यात तीन ओळी होत्या: मजकूर घ्यायचा, मजकुराचा आकडा करणाऱ्या जावास्क्रिप्टच्या पार्सफ्लोटकडे द्यायचा, आणि तिकडून ‘हा आकडा नाही’ असं उत्तर आलं तर शून्य परत करायचं. हे मीच लिहिलेलं. पतसंस्थेच्या फॉर्मात ‘इतर कर्ज’ हा रकाना लोक मोकळा सोडत आणि खालची बेरीज मोडे, म्हणून शून्य. त्या कामापुरतं ते बरोबरही होतं.

मे महिन्यात एका शेतकरी उत्पादक कंपनीचं काम आलं. खरिपासाठी सभासदांची नोंदणी: नाव, गाव, गट नंबर, क्षेत्र, पीक, बैल, बँक खातं. नऊ गावं, प्रत्येक गावात कंपनीचा एक शेतमित्र. ही मंडळी सकाळी लवकर घरोघर जाऊन मोबाइलवर फॉर्म भरत, कारण मे महिन्यात दहाच्या पुढे आमच्याकडे कोणी अंगणात बसत नाही. या नोंदीतल्या क्षेत्रावरून सोयाबीनच्या बियाण्याची मागणी जायची होती. हिशेब साधा: हेक्टरी ७५ किलो, म्हणजे एकरी साधारण ३० किलो, एक बॅग. आणि माल मृगाच्या आधी, ७ जूनच्या आत, गोदामात पाहिजे होता.

## काय बिघडलं

कंपनीचा हिशेब पाहणाऱ्या ताई एक दिवस फोन न करता थेट जिना चढून वर आल्या. हातात यादीचा कागद होता.

“भाऊ, तुमच्या कॉम्प्युटरनं आमचं अख्खं गाव भूमिहीन करून टाकलं.”

एका गावाची ६३ नावं होती आणि क्षेत्राच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत शून्य. मी जे पहिलं वाक्य बोललो त्याची अजून लाज वाटते. म्हटलं, शेतमित्राने रकाना भरलाच नसेल. ताई म्हणाल्या, “रकाना सक्तीचा हाय ना? मंग न भरता फॉर्म पुढं गेलाच कसा?” माझ्याकडे उत्तर नव्हतं.

त्या गावची शेतमित्र म्हणजे बीएच्या दुसऱ्या वर्षाची एक मुलगी, नऊ जणांत सगळ्यात नेटकी. बाकीची पोरं नावं कशीबशी मराठीत टाकत आणि आकडे इंग्रजीत. हिने मजकुराचे सगळे रकाने मराठी कीबोर्डवर भरले होते, क्षेत्राच्या आकड्यासकट. तिने १.०५ लिहिलं ते देवनागरी अंकांत. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकात प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, देवनागरी शून्य ते नऊ यांना स्वतःच्या दहा सलग जागा आहेत, २४०६ ते २४१५. इंग्रजी अंकांच्या जागा ४८ ते ५७. पार्सफ्लोट फक्त या दुसऱ्या दहांना अंक मानतं. ‘१’ दिसताच ते म्हणालं, आकडा नाही. माझं फंक्शन म्हणालं, नाही ना, मग शून्य घ्या. म्हणजे जिने सगळ्यात काळजीने काम केलं, तिचंच काम पुसलं गेलं.

याहून बोचलं ते पुढचं. आमच्या सर्व्हरवर पायथॉन ही भाषा आहे, आणि पायथॉन देवनागरी अंक मुळातच वाचतं. ‘१.०५’ हा मजकूर त्याच्याकडे जसाच्या तसा गेला असता तर त्याने काही न विचारता बरोबर आकडा केला असता. आम्ही ब्राउझरमध्येच रूपांतर उरकलं आणि मूळ मजकूर टाकून दिला.

सक्तीच्या रकान्याचं कोडं दुपारपर्यंत सुटलं. मजकुराच्या रकान्यांची ‘रिकामं आहे का’ ही तपासणी रूपांतराच्या आधी होई. रकान्यात काहीतरी लिहिलेलं आहे, जा पुढे. मोजणीच्या रकान्यांची तपासणी मात्र रूपांतरानंतर होई, कारण तो भाग भागीदाराने वेगळ्या महिन्यात, वेगळ्या घाईत लिहिला होता. तिथलं ‘इजएम्प्टी’ हे तपासणीचं फंक्शन शून्यालाही रिकामं धरत होतं. जावास्क्रिप्टमध्ये ‘किंमत नसेल तर’ अशी आळशी अट लिहिली की शून्य त्यात सापडतंच. बैल ० टाकला की फॉर्म म्हणे, ‘ही माहिती आवश्यक आहे’. शेतमित्रांनी आम्हाला न विचारता तोडगा काढला: बैल नसेल तिथे १ टाकायचा. आमच्या नोंदीप्रमाणे त्या गावात कोणाकडे वावर नव्हतं, बैल मात्र घरोघर होता, आणि तोही एकेकटा. ताई म्हणाल्या, “पोळ्याले जोडी कशी लावन मंग?” आणि हसल्या. मला हसू आलं नाही.

शून्याचं एक बरं असतं, ते डोळ्यात खुपतं. खरी भानगड न खुपणाऱ्या आकड्यांत होती. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर, आर, चौरस मीटर असं असतं: १.०५.०० म्हणजे एक हेक्टर पाच आर. शंभर आरचा हेक्टर, त्यामुळे आर दोन अंकांत लिहिला तर मधलं टिंब हे दशांशचिन्हच ठरतं. पण दारात बसलेला माणूस सांगतो “एक हेक्टर पाच आर”, आणि ऐकणारा पोरगा टाइप करतो 1.5. पुढच्या घरचा सांगतो “दीड हेक्टर”, तिथेही 1.5. पहिल्याचे २.५९ एकर होतात, दुसऱ्याचे ३.७१. एकाच नोंदीत एका बॅगेहून जास्त फरक, आणि पडद्यावर दोघं सारखे.

काहींनी एकरच लिहिलं होतं. 2.5, म्हणजे अडीच एकर. फॉर्मने धरलं अडीच हेक्टर, सहा एकरांच्या वर. लेबलात ‘हेक्टर’ हा शब्द होता, पण उन्हं चढायच्या आत वीस घरं करायची असतात तेव्हा लेबल कोण वाचतो? आणि ज्यांनी अगदी इमानदारीने ‘1 हे 5 आर’ असं लिहिलं, त्यांचा पहिला 1 घेऊन पार्सफ्लोटने उरलेलं सोडून दिलं. तेही तक्रार करत नाही. त्याचा तो स्वभावच आहे: आकड्याने सुरू होणाऱ्या मजकुरातून जमेल तेवढं घ्यायचं आणि गप्प बसायचं.

## समोरचे पर्याय

मागणी जायला सहा दिवस होते. प्रश्न दोन: झालेल्या नोंदी कशा सावरायच्या, आणि फंक्शनचं काय करायचं. भागीदाराचं म्हणणं पडलं की आधी नोंदी, कोड नंतर. मला कोड आधी हवा होता, कारण उरलेल्या दोन गावांची नोंदणी अजून चालू होती. दुपारपुरती नोंदणी थांबवायची आणि दोन्ही एकदम करायचं, असं ठरलं. हा थांबवण्याचा निर्णय ताईंचा. आम्ही दोघं तर चालू गाडीचं चाक बदलायला निघालो होतो.

फंक्शनसाठी पहिला विचार आला तो तयार लायब्ररी घेण्याचा. लोडॅश ही जावास्क्रिप्टच्या हेल्पर फंक्शनांची लायब्ररी जगभर वापरली जाते, त्याच्या चाचण्या आमच्याहून शंभरपट. पण बघितलं तर त्याचं टूनंबरही देवनागरी अंकांना ‘आकडा नाही’ म्हणतं, आणि त्याचं इजएम्प्टी तर शून्यच काय, पाचालाही रिकामं म्हणतं. ती त्यांची चूक नाही. ते फंक्शन याद्या आणि ऑब्जेक्ट यांच्यासाठी आहे, आकडा त्याच्या हिशेबात मोजण्याजोगी वस्तूच नाही. पण नाव वाचून आम्ही ते बैलांच्या रकान्याला लावलं असतं, हे नक्की.

दुसरा पर्याय: इंग्रजी अंकच टाका, नाहीतर लाल अक्षरांत नकार. एका ओळीचं काम. मी जवळजवळ करूनच टाकलं होतं. ताई म्हणाल्या, “सातबारा मराठीत, मुलगी मराठीत लिहिते, अन् फॉर्म म्हणते इंग्रजीत आण. मंग मराठी फॉर्म कायले केला?” यावर तांत्रिक युक्तिवाद करता आला असता. केला नाही, कारण तो हरण्यासारखाच होता.

तिसरा पर्याय माझा लाडका होता, म्हणून त्याबद्दल जरा जास्त लिहितो. वाटलं, फंक्शनला माणसांची भाषाच शिकवू. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच, साडेतीन. ‘सव्वा’ एकटा आला तर १.२५, ‘सव्वादोन’ तर २.२५, ‘पावणे’ पुढच्यातून पाव वजा करतो, ‘साडे’ अर्धा मिळवतो, आणि दीड-अडीच हे कोणाचंच न ऐकणारे दोघं, त्यांना वेगळं कोष्टक. त्यापुढे एकर, हेक्टर, आर ओळखायचे. एका रात्रीत मी हे लिहून काढलं आणि चालतही होतं. ‘पावणेतीन एकर’ लिहा, १.११ हेक्टर येतं. पोराला उठवून दाखवलं.

सकाळी ताईंच्या वहीतल्या खऱ्या ओळी त्यात घातल्या. ‘दीड’ एवढंच लिहिलेलं होतं. दीड काय? माझं फंक्शन हेक्टर धरत होतं, कारण लेबलात हेक्टर होतं. लिहिणाऱ्याला एकर म्हणायचं होतं. ‘२ एकर मधला अर्धा’ अशी एक ओळ होती, भावाच्या वाटणीची. फंक्शनने २ हेरले आणि ‘अर्धा’ सोडला. म्हणजे रात्रभर खपून मी पार्सफ्लोटचाच मोठा भाऊ जन्माला घातला होता: जास्त हुशार, आणि तेवढाच गप्प. दीडशे ओळी पुसल्या. पुसताना वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

चौथा पर्याय सगळ्यात कमी चमकदार. अंक कुठल्याही लिपीतले असोत, आधी एकसारखे करायचे, म्हणजे देवनागरी अंकाच्या क्रमांकातून २४०६ वजा करायचे, झालं. मग अख्खा मजकूर आकडा असेल तरच स्वीकारायचा; पुढेमागे एक अक्षर जरी उरलं तरी अंदाज न करता विचारायचं. आणि क्षेत्राचा एक रकाना मोडून दोन करायचे, हेक्टर वेगळा, आर वेगळा, खाली लगेच एकरात वाचून दाखवायचं. हा घेतला.

## जुनं फंक्शन बदलायचं की नवं लिहायचं

हा निर्णय बाहेरून क्षुल्लक दिसतो, पण आमचं सगळ्यात जास्त भांडण इथेच झालं. टूनंबर आणखी सहा ग्राहकांच्या फॉर्मांत होतं. त्याने शून्याऐवजी नकार द्यायला सुरुवात केली तर पतसंस्थेचा ‘इतर कर्ज’ मोकळा सोडलेला प्रत्येक अर्ज अडला असता. त्या ठिकाणी शून्यच हवं होतं.

भागीदार म्हणाला, तेच फंक्शन सुधारू आणि सहाही फॉर्म तपासू. मी म्हणालो, सहा दिवसांत ते व्हायचं नाही. ‘क्षेत्रआकडा’ असं नवं फंक्शन लिहू आणि जुन्याला हात लावायला नको. वेळेकडे बघून माझं चाललं. जुन्याच्या डोक्यावर ‘नव्या फॉर्मात वापरू नये’ अशी टीप लिहिली.

टीप कोणी वाचत नाही. सप्टेंबरात शिकाऊ पोराने दुसऱ्या एका फॉर्मात कापसाच्या अंदाजे क्विंटलसाठी टूनंबरच वापरलं, कारण एडिटरने ‘टू’ टाइप करताच तेच पहिलं सुचवलं. चाचणीत सापडलं, बाहेर गेलं नाही. पण भागीदाराने त्या दिवशी चहाचे पैसे मला द्यायला लावले, आणि ते रास्त होतं.

## नोंदी कशा सावरल्या

मूळ मजकूर सर्व्हरवर नव्हता, हे आधी लिहिलंच. मग तो कुठे असेल? पोराने विचारलं, “भाऊ, मसुदे?”

आमची लायब्ररी अर्धवट फॉर्म मोबाइलच्या ब्राउझरमध्येच, लोकलस्टोरेजमध्ये, साठवत असे, कारण गावांत रेंज येते-जाते. तिथे साठतो तो माणसाने टाइप केलेला मजकूर, रूपांतर न झालेला. फॉर्म पाठवल्यावर मसुदा पुसायला हवा होता. ते पुसणारं फंक्शन आम्ही ‘नंतर करू’ म्हणून लिहिलंच नव्हतं. नऊपैकी आठ मोबाइलमध्ये सगळे मसुदे जसेच्या तसे पडलेले होते. नवव्या पोराने मधल्या काळात मोबाइल बदलला होता.

यात आनंद मानायचा की नाही, यावर आमचं अजून एकमत नाही. त्या मसुद्यांत शेजाऱ्यापाजाऱ्यांचे बँक खाते क्रमांकही होते, विशीतल्या पोरांच्या मोबाइलमध्ये, कुलपाविना. एका चुकीने दुसरी चूक झाकली एवढंच. मसुदे उतरवून घेतल्यावर आम्ही तिथल्या तिथे पुसले. आता पुसणारं फंक्शन आहे, आणि खातं क्रमांक मसुद्यात जातच नाही.

उतरवलेल्या मजकुरातून शून्यवाल्या नोंदी तासाभरात दुरुस्त झाल्या. ‘हे’ आणि ‘आर’ लिहिलेल्याही झाल्या. टिंबानंतर एकच अंक असलेल्या नोंदी राहिल्या: ७१. त्यांच्यासाठी कुठलंही फंक्शन उपयोगाचं नव्हतं. ताईंनी शेतमित्रांना कामाला लावलं, प्रत्येकाचा सातबारा बघून खात्री. मी आणि पोरगा दोन गावांत सोबत गेलो. एका ओसरीवर आजोबांनी सातबाऱ्याची घडी उलगडून माझ्या हातात दिली आणि म्हणाले, “पॉइंट-गिंट मले समजत नाही. एक हेक्टर पाच आर. बापाच्या नावचं होतं तवाबी तेवढंच होतं.” कागदावर १.०५.०० होतं. आमच्याकडे १.५ होतं. ७१ पैकी १९ नोंदी अशाच निघाल्या, आणि ११ एकरातल्या.

मोबाइल बदललेल्या पोराचं गाव पुन्हा दारोदार करावं लागलं. बैलांसाठी फोन केले. ज्यांच्याकडे बैल नव्हता त्यांना ‘तुमच्याकडे एक बैल आहे का’ असं विचारणं किती अवघड असतं, ते फोन करणाऱ्यालाच कळतं.

## शोधता शोधता सापडलेलं

एकदा माळा काढला की सगळंच निघतं. साठातल्या अर्ध्याहून जास्त फंक्शनांना काही धोका नव्हता. तीन गोष्टी मात्र सांगण्यासारख्या आहेत.

तारखेचं फंक्शन जन्मतारीख एक दिवस मागे नेत होतं. आपल्या घड्याळात १५ जूनची मध्यरात्र म्हणजे जागतिक वेळेत १४ जूनचे संध्याकाळचे साडेसहा. आम्ही स्थानिक तारीख बनवून ती जागतिक वेळेच्या मजकुरात बदलत होतो आणि पहिली दहा अक्षरं कापून घेत होतो. सगळ्या सभासदांचा वाढदिवस आदल्या दिवशी. निदान सगळ्यांचा सारखाच चुकला होता, म्हणून सरसकट एक दिवस मिळवून सुधारता आला.

गावांच्या यादीत एक गाव दोनदा येत होतं. त्याच्या नावात ‘ऱ्ह’ आहे, ‘वऱ्हाड’ शब्दात आहे तोच. हे अक्षर संगणकात दोन रीतींनी लिहिलं जातं: काही कीबोर्ड ‘ऱ’ हे वेगळं अक्षर वापरून लिहितात, काही साध्या ‘र’ला हलंत आणि त्यापुढे न दिसणारा जोडक लावून. डोळ्याला एकच, मशिनला दोन. युनिकोडचं नेहमीचं नॉर्मलायझेशन, म्हणजे वेगवेगळ्या रीतींनी लिहिलेलं एकच अक्षर एकसारखं करणं, या दोघांना एक करत नाही. ती बदली आम्हाला हाताने लिहावी लागली. वऱ्हाडात बसून लिहिलेल्या लायब्ररीला ‘वऱ्हाड’ शब्द नीट जुळवता येत नव्हता, हे लक्षात राहील असं.

आणि गट नंबर. ५/२ असा गट एक्सेलमध्ये उघडला की ५ फेब्रुवारी होतो. हे आमच्या फंक्शनाबाहेरचं, पण यादी आम्हीच बनवून देत होतो, म्हणजे आमचंच. आता गट नंबर आणि खातं क्रमांक दोन्ही मजकूर म्हणूनच बाहेर जातात. खातं क्रमांकाच्या सुरुवातीची शून्यं गायब होण्याची तक्रारही त्याबरोबर संपली.

## निष्पत्ती

मागणी एक दिवस उशिरा गेली. माल मृगाच्या आधी आला. जुन्या यादीवरून मागणी गेली असती तर त्या एका गावाला बियाणं मिळालंच नसतं आणि इतर गावांत कुठे उरलं, कुठे कमी पडलं असतं. दोन सभासदांना तरी एकेक बॅग कमी आली, कारण त्यांचे सातबारे वेळेत मिळाले नाहीत. कंपनीने दुसरीकडून भागवलं.

‘युटिल्स’ फाइल मोडली. आता चार फाइली आहेत: आकडे, तारखा, मजकूर, आणि फॉर्मची अंतर्गत कामं. रिकामं, शून्य आणि ‘वाचता आलं नाही’ ही तीन वेगळी उत्तरं आहेत. कुठलंही फंक्शन एकाच्या जागी दुसरं देत नाही. माणसाने लिहिलेला मजकूर रूपांतरित आकड्यासोबत सर्व्हरला जातो आणि तिथे राहतो. चाचण्यांसाठी आम्ही स्वतः उदाहरणं रचत नाही. ताईंच्या वहीतल्या ओळी, नावं काढून, जशाच्या तशा घेतल्या आहेत. त्या फाइलीचं नाव ‘ताईची वही’ असंच आहे.

टूनंबर पुढच्या जानेवारीत काढून टाकलं. सहाही फॉर्म तपासायला अडीच दिवस लागले. म्हणजे मे महिन्यात मी ‘व्हायचं नाही’ म्हणालो होतो, ते होण्यासारखं होतं.

## आज पुन्हा करायचं झालं तर

पहिल्या गावाच्या पहिल्या दहा नोंदी आल्या तेव्हाच यादी छापून ताईंना दिली असती. त्यांनी पाच मिनिटांत पकडलं असतं. आम्ही मात्र सात गावं होईपर्यंत ‘सबमिट यशस्वी’ असा हिरवा पट्टा मोजत बसलो.

शेतमित्रांच्या प्रशिक्षणात आम्ही फॉर्म कसा भरायचा ते सांगितलं, अडला तर काय करायचं ते नाही. बैलाच्या जागी १ टाकण्याऐवजी कोणी एकाने जरी फोन केला असता तर इजएम्प्टी तेव्हाच उघडं पडलं असतं. फोन न करण्यात त्यांची चूक नव्हती. आमचा नंबरच फॉर्मवर नव्हता.

दोन रकान्यांची मांडणीही सगळं सोडवत नाही. या वर्षीच्या नोंदणीत सामाईक खात्यांचा गुंता आला आहे. चार भावांचा एक सातबारा, क्षेत्र एकत्र, वाटणी तोंडी. चौघं सभासद, चौघंही पूर्ण क्षेत्र लिहितात, आणि चारही नोंदी सातबाऱ्याशी तंतोतंत जुळतात. शिवाय पोटखराबा, म्हणजे लागवडीला न येणारी जमीन, धरायचा की नाही, हे प्रत्येक गावात वेगळं. पोरगा म्हणतो, एकाच गट नंबरच्या नोंदी शोधून क्षेत्र आपोआप भागणारं हेल्पर लिहू, सोपं आहे. मी त्याला ताईंकडे पाठवलं आहे. काल त्या दोघांनी पहिल्या गावाच्या सामाईक खात्यांची यादी छापली आणि भावांची नावं पेन्सिलने जोडायला घेतली.